आत्ता नको, बटन दाबल्यावर

प्रिय भाचेबाई,

फोटो पोचला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून पाठवायची तुम्हा मुलांची सवय काही सुटत नाही. निम्म्या ओळी ट्यूबलाइटच्या झोतात गेल्या आहेत. पण जी बघायची होती ती ओळ दिसली:

छापाबटन.क्लिक += बिलछापा();

आणि तिच्याखाली लाल नागमोडी रेघ. कंपायलर म्हणतो, ‘व्हॉइड’चं ‘इव्हेंटहँडलर’मध्ये रूपांतर करता येत नाही. त्यावर तुझा मेसेज: “मी व्हॉइड कुठे दिलंय? मी तर मेथड दिली!”

नाही दिलीस, बाई. तू मेथड चालवलीस, आणि चालून झाल्यावर तिने जे हातात ठेवलं ते बटनाला द्यायला गेलीस. तिने काहीच ठेवलं नव्हतं. व्हॉइड म्हणजे तेच.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू ‘कंस काढ’ एवढंच ऐकून फोन ठेवला असतास आणि दोन दिवसांनी दुसऱ्या जागी अडकली असतीस. शिवाय ‘कंस काढ’ हे उत्तर अर्धवट आहे, कधीकधी तर सपशेल चुकीचं आहे. म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

(आधी एक कौतुक. सी-शार्पमध्ये आपण स्वतः ठेवलेली नावं देवनागरीत चालतात, हे तुझं तू शोधून काढलंस. ऑफिसात असं कुणी केलं तर रिव्ह्यूमध्ये धारेवर धरतील, पण बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या प्रोग्रॅमला अडवणार कोण?)

आता कंपायलर ती ओळ कशी वाचतो ते बघ. उजवीकडे जे असेल त्याची किंमत आधी काढायची, मग ती डावीकडे न्यायची, हा त्याचा शिरस्ता. मेथडच्या नावाला कंस जोडलेले दिसले की अर्थ एकच: ही मेथड याच ओळीवर, आत्ता चालवा. तुझी ओळ फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आहे. म्हणजे खिडकी अजून स्क्रीनवर उमटलेलीसुद्धा नाही, आणि तू बिल छापायला सांगते आहेस. गिऱ्हाईक नाही, खिळे तोललेले नाहीत, बिल कसलं?

नुसतं ‘बिलछापा’ लिहिलंस तर काहीच चालत नाही. ते नाव त्या मेथडकडे बोट दाखवतं, एवढंच. ते बोट धरून ठेवणारी जी वस्तू, ती डेलिगेट. बटनाला हवी आहे ती ही वस्तू. बटन ती सांभाळून ठेवतं आणि कुणी दाबलं की स्वतः ती मेथड चालवतं.

आमच्या सोसायटीत वॉचमनच्या वहीत प्लंबरचा नंबर लिहिलेला असतो. तू केलंस ते असं: वही उघडलीस आणि नंबर लिहायच्या ऐवजी तिथल्या तिथे प्लंबरला फोन लावलास. तो आला, कुठेच गळत नाही म्हणून परत गेला. मग तू वहीत लिहिलंस, ‘येऊन गेला’. रात्री दोनला पाइप फुटल्यावर वॉचमन वही उघडेल तेव्हा त्याच्या हाती काय लागेल? उपमा इथेच सोडते, पुढे ताणली तर फाटेल.

एक मात्र मान्य कर: तुझा कंपायलर सज्जन आहे, त्याने दारातच अडवलं. पायथॉनमध्ये टीके-इंटर वापरून हीच चूक केली असतीस तर कुणी हूं की चूं केलं नसतं. बटन तयार होतानाच बिल छापलं गेलं असतं, मेथडने परत दिलेलं ‘नन’ बटनाच्या ‘कमांड’मध्ये जाऊन बसलं असतं, आणि मग बटन कितीही दाबलंस तरी ते ढिम्म. नवशिकी मुलं यात एकेक संध्याकाळ घालवतात, कारण त्यांना दोन वेगवेगळे दोष दिसतात: ‘आपोआप छापतंय’ आणि ‘बटन चालत नाही’. दोष एकच असतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये ‘सेट-टाइमआउट’ला पाच सेकंदांनी चालवायचं फंक्शन कंसासकट दिलं की ते त्याच क्षणी चालतं आणि पाच सेकंदांनी काहीच होत नाही. रिॲक्टमध्ये तर आणखी मजा. ‘ऑन-क्लिक’मध्ये मोजणी वाढवणारं फंक्शन कंसासकट लिहिलं तर पान रंगवतानाच ते चालतं, मोजणी वाढते, म्हणून पान पुन्हा रंगतं, पुन्हा ते चालतं. शेवटी रिॲक्टच हात टेकतं आणि फार वेळा रंगवून झालं अशी तक्रार करून थांबतं.

आता तू कंस काढशील. काढलेसच असशील. आणि रेघ तशीच लाल असेल, फक्त तक्रार बदललेली: ‘बिलछापा’चं कुठलंच रूप ‘इव्हेंटहँडलर’शी जुळत नाही. हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बरेचजण घाबरून कंस परत लावतात.

डेलिगेट वाटेल ती मेथड धरत नाही. तो एक प्रकार आहे, जसा ‘इंट’ किंवा ‘स्ट्रिंग’. कुठले पॅरामीटर घ्यायचे आणि काय परत द्यायचं हे त्याच्या व्याख्येतच ठरलेलं असतं. ‘इव्हेंटहँडलर’ची अट अशी: दोन पॅरामीटर हवेत, पहिला ज्याच्यावर घटना घडली ती वस्तू, दुसरा घटनेचा तपशील, परत काही द्यायचं नाही. तुझी ‘बिलछापा’ एकही पॅरामीटर घेत नाही. बटन तिला दोन गोष्टी द्यायला येणार आणि ही हात मागे बांधून उभी, हे कंपायलरला चालत नाही. आणि तो हे प्रोग्रॅम चालायच्या आधी सांगतो, म्हणून गिऱ्हाइकासमोर फजिती होत नाही.

दोन वाटा आहेत. ‘बिलछापा’ला ते दोन पॅरामीटर लावायचे, वापर किंवा वापरू नकोस. नाहीतर मध्ये लॅम्डा घालायचा:

छापाबटन.क्लिक += (कोण, तपशील) => बिलछापा();

आता तू कंबरेवर हात ठेवून म्हणशील, “मावशी, तूच कंस काढायला लावलेस!” लावले. आणि आता परत घातले, कारण बाणाच्या उजवीकडचा भाग या ओळीवर चालत नाही. बाणाच्या आधी कंसातली दोन नावं आणि नंतर काम, हे सगळं मिळून एक बिननावाची मेथड झाली. बटनाकडे गेली ती ही. तिच्या पोटात जे लिहिलंय ते बटन दाबल्यावर चालेल, आणि तेव्हा ‘बिलछापा’ खरोखरच चालायला हवी आहे. म्हणून तिथे कंस हवेतच. तिथे काढलेस तर कंपायलर पुन्हा रागावेल, कारण मेथडचं नुसतं नाव घेणं हे काही काम नव्हे. म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे की कंस हवेत का नकोत हा प्रश्न सोडून दे. प्रत्येक वेळी विचार: ही मेथड कोण चालवणार आहे, आणि कधी? याचं उत्तर आलं की कंस आपोआप जागेवर पडतात.

पूर्वी हे इतकं आखूड नव्हतं. सी-शार्प २००२ मध्ये बाजारात आली तेव्हा लिहावं लागे:

छापाबटन.क्लिक += न्यू इव्हेंटहँडलर(बिलछापा);

म्हणजे डेलिगेट नावाची नवी वस्तू तयार होते आहे आणि तिला मेथड सोपवली जाते आहे, हे डोळ्यांना दिसत असे. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘न्यू’ वगैरे गाळून नुसतं नाव चालायला लागलं. ते काम कंपायलर पडद्यामागे करतो. लॅम्डा २००७ मध्ये आले. बोटांचे श्रम वाचले हे खरं, पण माझं मत विचारशील तर नव्याने शिकणाऱ्याने निदान महिनाभर ते जुनं लांबलचक रूप लिहावं. आखूड रूपात ‘बिलछापा’ आणि ‘बिलछापा()’ यांत दोन चिन्हांचा फरक दिसतो, लांब रूपात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लपत नाही.

उलट बाजूची चूकही होते. ‘इंट एकूण = बेरीज;’ असं लिहून बघ. कंपायलर सांगेल की मेथडच्या नावाचा आकडा करता येत नाही, आणि वर विचारेल: तुम्हाला ही मेथड चालवायची होती का? सगळ्या तक्रारींमध्ये मला ही एक फार आवडते. जुन्या सी भाषेत हा शेजारधर्म नव्हता. तिथे फंक्शनचं नुसतं नाव म्हणजे मेमरीतला त्याचा पत्ता. ‘क्यूसॉर्ट’ला तुलना करणारं फंक्शन तसंच देतात. पण ‘इफ’च्या अटीत ‘साठाआहे()’च्या ऐवजी चुकून ‘साठाआहे’ लिहिलंस तर तो पत्ता शून्य नसल्यामुळे अट कायम खरी. दुकान रिकामं असलं तरी प्रोग्रॅम म्हणणार, साठा आहे! आताचे कंपायलर इशारा देतात, पण इशारा वाचणारी माणसं कमी.

आणि काही भाषांनी नेमकं उलटं ठरवलं. पास्कलमध्ये, व्हिज्युअल बेसिकमध्ये मेथडला पॅरामीटर नसेल तर नुसतं नाव लिहिलं तरी ती चालते. मग मेथड चालवायची नाही, नुसती सोपवायची आहे, हे सांगायचं कसं? म्हणून डॉट-नेटच्या व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘ॲड्रेस-ऑफ’ हा वेगळा शब्द आधी लावावा लागतो. तुझे काका अजून त्यातच काम करतात, त्यांना विचार. सी-शार्पमध्ये चालवायला जास्त चिन्हं लागतात, तिकडे सोपवायला. दोघांनाही फरक दाखवावाच लागतो, खर्च कुठे टाकायचा एवढंच वेगळं.

या डेलिगेटच्या मागे एक भांडण आहे, ते तुला आवडेल. सी-शार्प ज्याने रचली तो अँडर्स हेल्सबर्ग, मूळचा डेन्मार्कचा. त्याआधी तो बोरलँड कंपनीत होता. १९८३ चं टर्बो पास्कल त्याचं, आणि १९९५ ला आलेल्या डेल्फीचा मुख्य शिल्पकारही तोच. डेल्फीत बटनाला मेथड सोपवताना दोन गोष्टी जोडीने ठेवल्या जात: मेथडचा कोड कुठे आहे, आणि ती कुठल्या वस्तूवर चालवायची आहे. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिच्याशिवाय बात बनत नाही. उद्या तुझ्या प्रोग्रॅममध्ये ‘दुकान’ आणि ‘गोडाऊन’ अशा एकाच क्लासच्या दोन वस्तू असल्या तर ‘साठामोज’ सोपवताना कुणाचा साठा मोजायचा हे सोबत जायला हवं. जावास्क्रिप्टमध्ये वस्तूची मेथड नुसत्या नावाने दुसऱ्याला दिली की ही दुसरी गोष्ट वाटेत सांडते. ‘धिस’ हरवला म्हणून रडणारी जी मुलं तुला दिसतात, ती याचमुळे रडतात. सी-शार्पच्या डेलिगेटमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात.

हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेला. तिथे व्हिज्युअल जे-प्लस-प्लस म्हणून जावाचं त्यांचं एक साधन होतं, त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत डेलिगेट घुसले. जावा ही सन कंपनीची भाषा, आणि मायक्रोसॉफ्ट जावात परस्पर फेरफार करते म्हणून सनने ऑक्टोबर १९९७ मध्येच कोर्टात दावा लावलेला. त्या आगीत हे तेल. सनने जाहीर निबंधच लिहिला: हे डेलिगेट अनावश्यक आहेत, त्यांचं काम जावाचे इनर क्लास करतातच. मायक्रोसॉफ्टनेही उत्तर लिहिलं. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवला. तोवर सी-शार्प जाहीर झाली होती आणि तिच्यात डेलिगेट पहिल्या दिवसापासून होते. आणि जावा? मार्च २०१४ च्या आठव्या आवृत्तीत जावातही लॅम्डा आले, आणि मेथडचं नाव न चालवता सोपवायला दोन अपूर्णविरामांची नवी खूण आली. सनचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या चूक होता असं मी म्हणणार नाही, इनर क्लासने काम होतच होतं. पण एका ओळीच्या कामासाठी पाच ओळींचा संसार मांडायला माणसं फार दिवस तयार राहत नाहीत.

बरं, आता तुझा वर्गमित्र. तो युनिटीत गेम करतो आणि तुला म्हणाला की ‘आमच्याकडे कंस लावूनच देतात’. त्याचं खरं आहे. ‘स्टार्टकोरूटीन(विझव())’ असं तो लिहितो, आणि चित्र एकदम न विझता हळूहळू विझतं. मग ‘विझव’ त्याच ओळीवर चालत नाही का? कंस आहेत म्हणजे ती बोलावली जाते हे नक्की. गंमत अशी की जिच्या पोटात ‘यील्ड’ आहे अशी मेथड बोलावली तरी तिच्यातली पहिली ओळसुद्धा चालत नाही. बोलावल्याबरोबर ती एक वस्तू परत देते, जिला पुढे ढकललं की एकेक टप्पा चालतो. युनिटी ती वस्तू ताब्यात घेतं, पहिला टप्पा लगेच चालवतं आणि पुढचे नंतरच्या फ्रेममध्ये. म्हणजे तिथेही काम नंतर होणार म्हणून सोपवलेलंच आहे, फक्त सोपवलं ते मेथडने दिलेलं फळ. आणि त्याच गेममधल्या बटनाला मात्र तो ‘ॲडलिसनर(खेळसुरू)’ असं बिनकंसाचंच लिहीत असणार. बघायला सांग त्याला.

तसंच, एखादी मेथड स्वतःच डेलिगेट परत देत असेल तर बटनाला ती कंसासकटच द्यायची. समजा ‘सवलतवाली(१०)’ ही मेथड दहा टक्के सवलत लावणारी दुसरी मेथड बनवून देते. तर ‘सवलतबटन.क्लिक += सवलतवाली(१०);’ अगदी बरोबर. ‘सवलतवाली’ आत्ता चालली, तिने दिलेली मेथड दाबल्यावर चालेल. इथे कंपायलर तुला काही विचारणार नाही, तुझं तुलाच ठाऊक हवं.

सोपवलेल्या कामाचा खरा त्रास पुढे सुरू होतो. तू मागे म्हणाली होतीस की दहा वस्तूंची दहा बटनं लूपमध्ये बनवायची आहेत, आणि कुठलंही दाबलं की त्या वस्तूचा भाव दाखवायचा. तू ‘फॉर’ लूप लिहिशील, ‘आय’ शून्यापासून नऊपर्यंत, आणि आत ‘बटनं[आय].क्लिक += (कोण, तपशील) => भावदाखव(आय);’. चालवलंस की खिळ्यांचं बटन दाब, बिजागरीचं दाब, रंगाचं दाब. दर वेळी दहा हाच आकडा जाईल आणि बहुधा ॲरेच्या बाहेर गेल्याची एरर येईल. कारण लॅम्डाने ‘आय’ची त्या वेळची किंमत टिपून घेतलेली नसते, ‘आय’ हा व्हेरिएबलच धरून ठेवलेला असतो. बटन दाबेपर्यंत लूप केव्हाच संपलेला आणि ‘आय’ दहावर जाऊन बसलेला. लूपच्या आत ‘इंट माझाआय = आय;’ असं प्रत्येक फेरीचं वेगळं व्हेरिएबल घे आणि लॅम्डात ते वापर. ‘फॉरईच’मध्येही पूर्वी हाच घोटाळा व्हायचा, इतक्यांनी डोकं आपटलं की २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत भाषेच्या कर्त्यांनी ‘फॉरईच’चा अर्थच बदलला. ‘फॉर’चा मात्र तसाच ठेवला. चालू भाषेचा अर्थ बदलणं हे फार क्वचित घडतं, त्यावरून समज.

दुसरा त्रास ‘+=’ चा. त्यातलं अधिक अगदी खरं आहे. एका डेलिगेटमध्ये अनेक मेथड ओळीने राहू शकतात आणि लावल्या त्या क्रमाने चालतात. तीच मेथड दोनदा लावलीस तर दोनदा चालेल, कुणी हटकणार नाही. बाबांनी सांगितलं की ‘सकाळी एक बिल निघतं, दुपारी दोन, संध्याकाळी चार’, तर प्रिंटरला दोष देऊ नकोस. ती ‘+=’ची ओळ तू अशा जागी ठेवली असशील जी खिडकी पुढे आली की दर वेळी चालते. काढायला ‘-=’ आहे, आणि तिथेही बिनकंसाचं नाव लागतं. ‘-= बिलछापा’ लिहिल्यावर खरं तर नवा डेलिगेट तयार होतो, पण तुलना करताना वस्तू तीच आणि मेथड तीच आहे का एवढं बघतात, म्हणून जुना बरोबर सापडतो. लॅम्डा मात्र असा निघत नाही. वर लिहिलेला लॅम्डा खाली अक्षरन् अक्षर तसाच लिहून ‘-=’ केलंस तरी तो दुसरा लॅम्डा ठरतो आणि पहिला जागचा हलत नाही. पुढे काढायचं असेल तर लॅम्डा आधी व्हेरिएबलमध्ये ठेव, किंवा सरळ नाव असलेली मेथड वापर.

आणि काढायचं नसलं तर? डेलिगेटने वस्तू धरून ठेवलेली असते हे वर सांगितलंच. ‘दुकान’ ही वस्तू दिवसभर जिवंत. तिच्या इव्हेंटला प्रत्येक बिलाच्या खिडकीने आपली मेथड लावली आणि खिडकी बंद झाली, तरी ‘दुकान’ तिला धरूनच आहे. गार्बेज कलेक्टर ती उचलत नाही. दिवसभरात बंद झालेल्या सगळ्या खिडक्या मेमरीत पडून. खिडकी बंद होताना ‘-=’ लिही.

एका इव्हेंटला अनेक मेथड लावायच्या असतील तर आणखी एक बघ. बिल झाल्यावर आधी छपाई, मग साठा वजा, असं लावलंस आणि प्रिंटरमध्ये कागद नाही म्हणून छपाईच्या मेथडने एक्सेप्शन फेकलं, तर साखळी तिथेच तुटते आणि साठा वजा होत नाही. माल गेला, पैसे आले, प्रोग्रॅममध्ये खिळे तेवढेच. म्हणून छपाईची चूक छपाईच्या मेथडमध्येच पकड. साठा आधी लावलास तरी ही पकड ठेव.

‘बिलझालं’ हा इव्हेंट तू स्वतः लिहिशील तेव्हा ‘इव्हेंट’ हा शब्द गाळू नकोस. तो नसला तरी साधा सार्वजनिक डेलिगेट चालतो, म्हणून आळस होतो. पण मग कुठल्याही क्लासमधून कुणीही ‘+=’ऐवजी ‘=’ लिहू शकतं, आणि आधी लावलेल्या सगळ्या मेथड एका फटक्यात पुसल्या जातात. त्याहून वाईट म्हणजे कुणीही बाहेरून ‘बिलझालं()’ असं बोलावू शकतं. बिल झालेलं नाही, तरी साठा वजा! ‘इव्हेंट’ लिहिलं की बाहेरच्यांना फक्त लावायचा आणि काढायचा हक्क उरतो. बोलावण्याचा हक्क ज्या क्लासचा इव्हेंट आहे त्याच्याकडेच. सोपवणं आणि चालवणं यांतली जी रेघ मी इतका वेळ समजावते आहे, ती या एका शब्दाने भाषेनेच आखून दिली आहे. मला सी-शार्पमध्ये सर्वांत सुबक वाटते ती ही जागा. आणि बोलावताना ‘बिलझालं?.इन्व्होक()’ असं लिही. कुणीच मेथड लावलेली नसेल तर डेलिगेट ‘नल’ असतो, आणि २०१५ पासूनच्या या प्रश्नचिन्हामुळे प्रोग्रॅम कोसळत नाही.

शेवटी तुझं ते कोपऱ्यातलं घड्याळ. तू ‘सिस्टिम.टायमर्स’मधला टायमर घेतलास आणि लेबल बदलताना ‘दुसऱ्या थ्रेडवरून हात लावू नका’ अशा अर्थाची एरर आली, असं म्हणालीस. इथे ‘कधी’ ठीक आहे, ‘कोण’ चुकलंय. तो टायमर तुझी ‘वेळदाखव’ आपल्या वेगळ्या थ्रेडवरून चालवतो, आणि लेबलला हात लावायचा मान फक्त खिडकीच्या मुख्य थ्रेडला. उपाय म्हणजे काम पुन्हा सोपवणं:

घड्याळलेबल.बिगिनइन्व्होक(न्यू ॲक्शन(वेळदाखव));

टायमरने ही ओळ चालवायची, आणि तिच्यातली मेथड सवड झाली की मुख्य थ्रेडने. ‘वेळदाखव’ला कंस लावू नकोस, लावलेस तर अर्थ होईल ‘टायमरच्याच थ्रेडवर आत्ता चालव’, आणि कंपायलर पुन्हा दारातच अडवेल: त्याला इथे मेथडचं नाव हवं आहे. नाहीतर विंडोज फॉर्म्सचा स्वतःचा टायमर वापर, तो मुख्य थ्रेडवरच टिकटिकतो. दुकानाच्या घड्याळाला तोच पुरे. पण दोन्ही लावून बघ. ‘वेळदाखव’मध्ये ब्रेकपॉइंट ठेव, तो लागला की कॉल स्टॅक उघड आणि खालून वर वाचत ये: कुणी कुणाला बोलावलं ते तिथे लिहिलेलं असतं. ‘बिलछापा’मध्येही असाच ठेव. खिडकी दिसायच्या आधी लागला तर काय झालंय ते मला विचारायची गरज नाही.

दिवाळीत येते आहे. तोवर साठा नीट वजा व्हायला लागलेला असू दे, भाऊजींना त्यांच्याच दुकानातल्या खिळ्यांचा हिशेब दाखवायचा आहे. आणि ताईला सांग, चकलीची भाजणी इथून दळून आणते, तिकडे दळू नकोस.

तुझी,
मावशी